तिसरीतला मुलगा गणितात फार पुढे आहे, शाळा म्हणते सगळ्यांबरोबर चालू दे. काय करावं?

अपूर्णांक_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, सरकारी शाळेत. वर्गात ३४ मुलं आणि एकच बाई. गणिताचा नाद त्याला आम्ही लावलेला नाही, क्लास नाही काही नाही, पण पाच वर्षांचा असताना जिना दोन दोन पायऱ्या सोडून चढला आणि वर जाऊन म्हणाला शेवटी एक उरली, म्हणजे या जोडीने येत नाहीत, तेव्हापासून हे असंच चालूय. आता अपूर्णांकांची बेरीज करतो, ऋण संख्या कळतात, परवा रात्री दिवा घालवल्यावर विचारतो की शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ असं कधीच न थांबता लिहीत गेलं तर ते १ होतं की होत नाही. आणि वर्गात काय चाललंय तर तीन अंकी हातच्याची वजाबाकी, सहावा आठवडा.

बाई चांगल्या आहेत हे आधीच सांगते, त्यांना नावं ठेवायला आलेली नाही. त्यांनी आपल्या परीने तीन गोष्टी केल्या. आधी त्याला तशीच आणखी २० गणितं द्यायला लागल्या, म्हणजे लवकर आटपल्याची शिक्षाच झाली ना ती. मग शेजारच्या मुलांना शिकव म्हणाल्या, ते दोन आठवडे चाललं, मग पोरं म्हणायला लागली तू आमचा सर नाहीस. आता म्हणतात गोष्टीचं पुस्तक वाचत बस. मधल्या मधे झालंय असं की त्याने गणितं पूर्ण करणंच सोडलंय, ३० पैकी १४ करतो आणि कागद तसाच देतो, आणि प्रगतीपुस्तकात शेरा काय आला तर "सराव कमी पडतो". म्हणजे ज्या कंटाळ्यामुळे तो अर्धवट सोडतो तोच आता पुरावा झालाय की पुढचं द्यायला तो तयार नाही!

मुख्याध्यापक म्हणाले, आज पुढचं शिकवलं तर पुढच्या वर्षी काय शिकवणार? मला तेव्हा काही सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं की पुढच्या वर्षी त्याच्या पुढचं, पण तोपर्यंत जिना उतरले होते.

तर प्रश्न असा की एक अख्खी इयत्ता गाळायची, की फक्त गणिताला वरच्या वर्गात बसवायचं, की शाळेत जे चाललंय ते चालू देऊन घरी खोलात शिरायचं? नवरा म्हणतो सोड, आपोआप होईल. मला रात्री झोप येत नाही.

पाटीपेन्सिल

ताई, मी प्राथमिकला २१ वर्षं शिकवतोय, म्हणजे तुमच्या त्या बाईंच्या खुर्चीत बसून लिहितोय असं समजा.

पहिली गोष्ट, "त्याला पाचवीचं येतं" हे वाक्य शाळेत म्हणू नका. ते आम्ही वर्षातून दहा पालकांकडून ऐकतो आणि त्यातल्या आठ वेळा मुलाला पाचवीचं पाठ असतं, येत नसतं. तुम्ही वाक्य नेऊ नका, कागद न्या. तिसरीच्या चाचणीत त्याला पैकीच्या पैकी पडले यातून काहीच कळत नाही कारण मोजपट्टीच आखूड आहे, तीन फुटी पट्टीने कुणालाही मोजा, ती संपली की पुढचं मोजायला काही उरतच नाही. म्हणून चौथीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर द्या, मग पाचवीचा, जिथे तो अडायला लागेल तिथे थांबा. शक्यतो शाळेतच, बाईंच्या देखत, म्हणजे घरी मदत केली असेल ही शंका उरत नाही.

ही युक्ती काही माझी नाही. १९७१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने असल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्याने बारा तेरा वर्षांच्या पोरांना थेट कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा गणिताचा पेपर दिला. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात जी सगळी सारखीच हुशार दिसत होती ती तिथे लांबवर पसरली. त्याहून कामाची त्याची पुढची पायरी, आधी तपासा, भोकं कुठे आहेत ते शोधा, तेवढंच शिकवा, परत तपासा, पुढे चला. हुशार पोरांचं ज्ञान जाळीसारखं असतं हो, पाचवीचं निम्मं येतं आणि चौथीतलं काहीतरी साधंच कुणी सांगितलेलं नसतं. सरसकट वर ढकललं की ती भोकं तशीच राहतात, आणि सरसकट खाली ठेवलं तर मग तुमच्याकडे चाललंय ते होतं.

दुसरं, आलेलं परत करायला लावू नये याला आधार आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिकच्या शिक्षकांना सांगितलं की वर्गातली पुढची एकदोन मुलं निवडा आणि त्यांना जे आधीच येतंय ते गाळा. शिक्षकांनी जवळजवळ ४० ते ५० टक्के भाग गाळला आणि तरी त्या मुलांचे गुण उतरले नाहीत. अर्धा अभ्यासक्रम!

३४ मुलांच्या वर्गात हे कसं करायचं तर मी करतो ते सांगतो. दिवसाच्या कागदावरची सगळ्यात अवघड पाच गणितं मी गोल करून ठेवतो, जो म्हणेल मला येतं त्याने ती पाच आधी करायची, चार बरोबर आली तर बाकीची माफ. कुणालाही मुभा, नाव घेऊन नाही, त्यामुळे बाकीच्यांना राग येत नाही आणि कधी कधी भलतंच पोर उठून पाच बरोबर करून दाखवतं ज्याच्याकडे माझं वर्षभर लक्षच नव्हतं. तुमचा मुलगा ३० पैकी १४ करतो ना, त्याला पाच करायला सांगा, बघा करतो का.

पण गाळल्यावर उरलेल्या वेळाचं काय, तिथे आम्ही शिक्षक कमी पडतो हे कबूल. तयारी करायला तास नसतो. म्हणून तुम्ही त्याच्यासाठी वेगळ्या गणितांची एक फाइल करून द्या, बाईंनी एकदा नजर टाकायची, तो तास ती फाइल उघडणार. आणि "इतरांना शिकव" हे रोजचं काम नको, एखाद्या दिवशी ठीक. तो शिकायला येतो, पगार आम्हाला मिळतो.

जाता जाता एक. त्याला हे लिहून द्या आणि काही न बोलता बघा: ८ + ४ = ▢ + ५. चौकटीत काय भरतो ते इथे सांगा.

उगाच_एक_शंका

सगळ्यांना आवडणार नाही पण लिहितोच. हल्ली दर दुसऱ्या घरात गिफ्टेड मूल आहे. पाचवीचं गणित दहाव्या वर्षी येण्याऐवजी आठव्या वर्षी आलं तर नक्की काय फरक पडतो? चाळिशीत कुणी विचारतं का तुला भागाकार कधी आला म्हणून? कंटाळा सहन करणं हेही शिकायचंच असतं.

आणि दुसरं, हे सगळं कोणाच्या मुलांना मिळतं? ज्यांच्या आईला धागा काढता येतो त्यांच्या. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर तेवढंच हुशार पोर बसलं असेल ज्याच्या घरी ०.९९९चं ऐकायला कुणाला वेळ नाही. सरकारी शाळेने कोणासाठी राबायचं? सिंगापूरने १९८४ पासून मुलांना तिसरीत परीक्षा घेऊन निवडलं, वरची सुमारे एक टक्का मुलं ठरावीक शाळांत नेली, चाळीस वर्षं केलं, आणि २०२४ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की ही पद्धत बदलतोय. उगाच नाही बदलत कुणी.

ताशी_शंभर

मी ते पोर होतो. म्हणून लिहितो, एरवी मी वाचूनच पळतो.

चौथीत मला सहावीचं पुस्तक दिलं, सहावीत आठवीचं, सगळे टाळ्या वाजवायचे, मला नियम एकदा सांगितला की बस, शंभर गणितं फडाफड. अपूर्णांकाने भागायचं? उलटा करून गुणा. पाऊण भागिले अर्धा, दीड, घ्या. आता पाऊण भागिले अर्धा म्हणजे पाऊणमध्ये अर्धे किती वेळा बसतात, एकदा आणि परत अर्ध्यांदा, हे मला कळलं कॉलेजात, ते पण एका मैत्रिणीच्या धाकट्या भावाला शिकवताना, तो विचारत बसला की भागल्यावर उत्तर मोठं का आलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग पंधराव्या वर्षी एका स्पर्धेत प्रश्न आला ज्याला नियमच नव्हता. म्हणजे असणार, पण मला कुणी सांगितलेला नव्हता. मी ४० मिनिटं कागदाकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं गणित बघताक्षणी सुटलं नव्हतं आणि मला खरंच वाटलं की डोकं बंद पडलं, आजारी आहे मी. बाजूची मुलगी, जी कधीच कुठे पुढे वगैरे नव्हती, ती आकृत्या काढत होती, खोडत होती, परत काढत होती. तिला अडायची सवय होती. मला नव्हती.

म्हणून इथे वेगाला दोष देतोय असं समजू नका. माझ्या बाबतीत वेग ही चूक नव्हतीच. चूक ही की मला सोपंच देत होते, फक्त पुढच्या इयत्तेचं सोपं. पाचवीच्या पुस्तकातला साधा प्रश्न तुमच्या मुलाला अवघड नाहीये, नवा आहे एवढंच, चार दिवसांत तोही जुना होईल. अवघड म्हणजे ज्याच्यावर तो दोन दिवस अडेल. तीन बाय तीनच्या जाळीत एकूण आयत किती (चौरस धरून, उत्तर ३६, पण त्याने मोजायची रीत शोधावी, नुसतं मोजू नये). ज्यांना बरोबर तीनच विभाजक आहेत अशा संख्या शोध आणि त्या कशा दिसतात ते सांग. आणि हे माझं आवडतं: कुठलाही आकडा घ्या, सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, परत तेच, १ येईपर्यंत. ६ घेतला तर आठ पायऱ्यांत संपतं. मग त्याला म्हणा २७ घे. बास, काही बोलू नका.

दोन_वर्षं_पुढे

@अपूर्णांक_आई, मुलीच्या वेळी आम्ही यातूनच गेलो म्हणून सांगते. ती तिसरीत असताना फक्त गणिताच्या तासाला पाचवीत बसायची, बाकी सगळं आपल्या वर्गात. अख्खी इयत्ता गाळायचा विचार केला होता पण तिचं वाचन लिहिणं वयाप्रमाणेच होतं, उगाच सगळंच का ओढा. (कुणीतरी टेरेन्स टाओचं, म्हणजे लहानपणीच गणितात अफाट पुढे असलेल्या त्या प्रसिद्ध गणितज्ञाचं, नाव काढायच्या आत मीच काढते, लोक त्याचं उदाहरण देऊन घाबरवतात, पण त्याची खरी शिकण्यासारखी गोष्ट ही की साडेतीन वर्षांचा असताना शाळेत घातला तो जमलं नाही म्हणून काही आठवड्यांत घरी आणला, आणि नंतर जो विषय जितका येतो तितक्या वरच्या वर्गात, एकेक विषय वेगवेगळ्या वर्गात बसवला. म्हणजे तिथेही सगळं एकदम नाहीच.)

यात कसली अडचण येते ते कुणी आधी सांगत नाही. मुलं चिडवतील वगैरेची मला भीती होती, ते दोन आठवड्यांत संपलं. खरी अडचण वेळापत्रकाची! तिसरीचा आणि पाचवीचा गणिताचा तास एकाच वेळी नसेल तर मूल दुसरं काहीतरी बुडवून जातं, आमची दीड महिना चित्रकला बुडवत होती आणि मला सांगतच नव्हती. शेवटी मुख्याध्यापिकेने दोन वर्गांचे तास जुळवून दिले. मग लिहिण्याचा वेग. डोकं पाचवीचं, हात तिसरीचा, फळ्यावरचं उतरवून घ्यायलाच तास संपायचा. तिथल्या सरांनी गणितं छापून द्यायला सुरुवात केली तेव्हा सुटलं.

आणि सगळ्यात मोठा खड्डा शेवटी. ती प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात पोचली तेव्हा त्या इमारतीत तिच्यापुढचं गणितच उरलं नाही. माध्यमिक शाळा वेगळी, तिचे तास वेगळे, तिकडे नेणार कोण. सहा महिने पोरगी ग्रंथालयात एकटी पुस्तक घेऊन बसली, आणि वर माध्यमिकला गेल्यावर त्यांनी तिला परत पहिल्यापासून बसवायचं काढलं कारण कागदोपत्री काहीच नव्हतं. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा, शेवटच्या वर्षी काय? उत्तर लेखी घ्या. तुमच्या मुख्याध्यापकांचा "पुढच्या वर्षी काय शिकवणार" हा प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला असेल पण प्रश्न खरा आहे, फक्त त्याचं उत्तर "म्हणून आज शिकवू नका" असं होत नाही.

आणखी दोनच गोष्टी सांगते. आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी इयत्ता गाळावी का हे ठरवायला एक प्रश्नावली केलीय, त्यात काही बाबी अशा आहेत की तिथे गुण कितीही असोत, थांबायचं. एक म्हणजे मुलालाच जायचं नसेल, दुसरी म्हणजे ज्या वर्गात पाठवताय तिथे त्याचा सख्खा भाऊ किंवा बहीण असेल. दुसरी वाचून मी हसले होते, मग आमच्या घरातली भांडणं आठवली आणि पटलं.

आणि मनावर परिणाम होईल का म्हणून जागत असाल तर, पाटीपेन्सिल सरांनी ज्या स्टॅनलीच्या अभ्यासाचं लिहिलंय तो पुढेही चालूच राहिला, त्यातली मुलं आता पन्नाशीची झाली, २०२१ मध्ये त्यांच्यावर लेख आला. लवकर पुढे नेल्यामुळे पुढे मानसिक त्रास झाला असं काही त्यात दिसलं नाही. झोपा आज.

पाटीपेन्सिल

@उगाच_एक_शंका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे, फक्त उत्तर उलटं काढतो. मागच्या बाकावरचं पोर सापडत नाही कारण आपण पालकांनी ओरडायची वाट बघतो. फ्लोरिडातल्या एका मोठ्या जिल्ह्यात २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायला लागले, शिक्षक किंवा पालक सुचवतील तेवढ्यांचीच नाही, तर गरीब घरातली आणि एरवी कुणाच्या डोळ्यात न भरणारी मुलं एकदम जास्त सापडायला लागली. निकष तोच होता, फक्त सगळ्यांना लावला. मग पैसे नाहीत म्हणून ते बंद केलं आणि आकडे परत खाली आले. म्हणजे सरकारी शाळेनेच हे करायला हवं, नाहीतर ते फक्त धागा काढणाऱ्यांचं राहणार. ज्याच्या घरी फाइल करून द्यायला कुणी नाही त्याला शाळेशिवाय दुसरी जागाच नाही हो.

सिंगापूरचंही पूर्ण सांगा की. ते थांबवत नाहीयेत, ठरावीक शाळांत नेण्याऐवजी प्रत्येक प्राथमिक शाळेत सोय करायची म्हणतायत.

कंटाळा सहन करायला शिकावं, मान्य. पण सहा आठवडे?

उगाच_एक_शंका

फ्लोरिडाचं माहीत नव्हतं. सगळ्यांची चाचणी घेत असाल तर माझी निम्मी तक्रार जाते. निम्मी राहते, गिफ्टेड हा शब्द मला अजून खुपतो, घरी मुलासमोर वापरू नका एवढंच म्हणेन. माझ्या भावाला तो शब्द चिकटला होता, तो पुढे चुकण्याच्या भीतीने कशात भागच घेईना.

अपूर्णांक_आई

सगळ्यांचे खूप आभार, बारा दिवसांनी येतेय, मधे बरंच काही झालं.

बाईंना "वाक्य" न नेता "कागद" नेला. त्यांनी स्वतः मधल्या सुट्टीनंतर त्याला पेपर दिले. चौथीचा वार्षिक ५० पैकी ४६, पाचवीचा ५० पैकी ३१. आणि सर म्हणाले तसंच, जाळी! पाचवीतले अपूर्णांक सगळे बरोबर, पण कोनमापक हातात धरून कधी बघितलेलाच नाही, त्यामुळे कोन सगळे चुकले, परिमिती आणि क्षेत्रफळ उलटसुलट, आणि मोठा भागाकार तोंडी करतो पण मांडता येत नाही, मधेच हरवतो. मी त्याला सगळं येतं असं धरून चालले होते ते बरं झालं कुणी तपासलं.

आता हसा. ८ + ४ = ▢ + ५ मध्ये पठ्ठ्याने १२ लिहिलं. मी काही बोलले नाही, पण आतून गार पडले. अपूर्णांकांची बेरीज करणारं पोर!

शाळेचा निर्णय असा की या वर्षी वर्ग बदलायचा नाही, तास जुळत नाहीत (@दोन_वर्षं_पुढे, तुमची आठवण आली), पण "अवघड पाच आधी" हे बाईंनी लगेच उचललं, सगळ्या वर्गासाठी. त्याने पहिल्या दिवशी पाचही बरोबर केली आणि मग उरलेला तास फाइल. शेवटच्या वर्षाचं विचारलं, मुख्याध्यापक म्हणाले बघू. लेखी मागितलं, म्हणाले बघू. त्या बाबतीत मी अजून जिन्यातच आहे.

आणि ते २७. मला आधी काहीच माहीत नव्हतं, म्हटलं पाच मिनिटांचं असेल. दोन तास. चार पानं भरली, आकडे हजारात गेले, मग चाळीसच्या पुढे कुठेतरी त्याने तिप्पट करताना चूक केली, ती मला दिसली, मी सांगितली, आणि तो रडला. गणितावरून तो आजवर कधीच रडलेला नाही. मी सांगायला नको होती का? दुसऱ्या दिवशी स्वतःच परत पहिल्यापासून बसला, पण मला अजून कळत नाहीये की हे चांगलं झालं की मी काहीतरी बिघडवलं.

ताशी_शंभर

बिघडवलं नाही. चूक मात्र तुम्ही सांगायला नको होती असं मला वाटतं, "मला काहीतरी गडबड वाटतेय, कुठे ते शोधूया" इतकंच. शोधायचं काम त्याचं. बाकी आठव्या वर्षी रडला हे पंधराव्या वर्षी माझ्यासारखं गोठून बसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. २७ला १११ पायऱ्या लागतात आणि मधे ९२३२ पर्यंत चढतं, पोचल्यावर सांगा त्याला, आधी नको. आणि मग हेही सांगा की प्रत्येक आकडा शेवटी १ वर येतोच हे अजून जगात कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. मला आठव्या वर्षी हे कुणी सांगायला हवं होतं, मी समजत होतो गणितातलं सगळं कुणीतरी आधीच सोडवून पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलंय.

पाटीपेन्सिल

१२ची काळजी करू नका, पण सोडूनही देऊ नका. बहुतेक मुलं १२ नाहीतर १७ लिहितात, कारण आम्ही शाळेत बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असं शिकवून ठेवलंय. त्याला ते तराजूसारखं दिसायला हवं, दोन्हीकडे सारखं वजन. ७ = ३ + ४ असं उलटं लिहून दाखवा, ६ + ९ = ९ + ६ दाखवा, आणि त्याला विचारा हे चालेल का. एवढं पक्कं झालं नाही आणि बीजगणितात ढकलला तर तिथे घोळ होणार. वर्ग बदलायची घाई या वर्षी नाही झाली हे त्यामुळे मला तरी वाईट वाटत नाही. भोकं भरा, कोनमापक, क्षेत्रफळ, भागाकाराची मांडणी, चार पाच आठवड्यांचं काम, मग परत पाचवीचा दुसरा पेपर आणि तो कागद घेऊन परत मुख्याध्यापकांकडे. बघू म्हणाले ना, दाखवा.

फाइलमध्ये पुढे काय घालायचं तर वर्गात वजाबाकीच चालू आहे ना, मग त्याच वजाबाकीतलं देतो. कापरेकर माहीत असतील तुम्हाला, देवळालीचे शाळामास्तर, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आकड्यांशी खेळत राहिले. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून छोट्याकडे लिहायचे, मग छोट्याकडून मोठ्याकडे, वजाबाकी. आलेल्या उत्तराचं परत तेच. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ला केलं तर परत ६१७४. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्या. १९४९ साली कापरेकरांनी हे शोधलं. हातच्याची एवढी वजाबाकी मी सांगून कुठलं पोर करणार नाही, यात मात्र आपणहून करतात. आणि वेगाने पोचणाऱ्यासाठी खाली प्रश्न असतोच, प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ने का भाग जातं?

अपूर्णांक_आई

सर, दिलं. तीन अंकीही स्वतःच करून बघितलं, तिथे ४९५ येतं म्हणाला. मग दोन अंकी केलं आणि चिडला, "ही थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, गोल गोल फिरते". मी विचारलं मग चूक झाली का कुठे, शोधूया का (ताशी_शंभर, बघा, शिकले). तो म्हणाला चूक नाहीये, मी तीनदा केलं, ती फिरतेच. आणि मग सगळे आकडे नवाच्या पाढ्यातले आहेत हे मी नाही, त्यानेच बघितलं, पण का ते अजून नाही. कागद भिंतीला चिकटवून ठेवलाय.

बाईंनी तो कागद मागून घेतला, सोमवारी सगळ्या वर्गाला देणार आहेत.

तो विचारतोय पाच अंकीला कुठला आकडा येतो. सांगू का, मला तर येत नाही.

पाटीपेन्सिल

सांगू नका. तिथे तसा एकच आकडा नाहीच मिळत, तीही फिरते. पण ते त्याला कळायला निदान दोन रविवार जाऊ देत.